सागवानी व्हॅनिटी: टॉपला बाक कशामुळे आला ते सापडलं

बाथरूमच्या व्हॅनिटीचा, म्हणजे बेसिनखालच्या कपाटाचा, लाकडी टॉप परत सरळ होतोय! आज सकाळी स्टीलची पट्टी समोरून मागे आडवी धरली, तर मधे फक्त दीड मिमी फट दिसली. जुलैत ती चार मिमीच्या वर गेली होती. भिंतीकडची कड उचलली गेली होती, टाइलच्या सांध्यातलं सिलिकॉन फाटलं होतं आणि बेसिन हात टेकला की डुलत होतं. आता ते पुन्हा घट्ट बसलंय.

ज्यांनी आधीचे भाग वाचलेत त्यांना टॉप आठवत असेल. वाड्याच्या जुन्या तुळईतून चिरलेल्या चार फळ्या, रुंदी 520 मिमी, जाडी 32. जोडताना रंधा मारल्या मारल्या कडा थिनरने पुसल्या आणि लगेच फेविकॉल मरीन लावून क्लॅम्प केलं, कारण सागवानातलं तेल पृष्ठभागावर आलं की गोंद धरत नाही. सांधे आजही उत्तम आहेत, एकही उघडलेला नाही. दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) वर, खाली, बेसिनच्या भोकाच्या आतल्या कडेला, सगळीकडे सारखेच हात दिले होते. खालून स्क्रूची भोकं लांबट ठेवली होती, म्हणून एवढं होऊनही टॉप तडकला नाही.

मग बाक आला कुठून? लाकूड ओलं असण्याचा प्रश्नच नव्हता. मार्चमध्ये ओलावा-मीटर 8 टक्के दाखवत होता, आणि तुळई कितीतरी वर्षं छपराखाली वाळलेली. पण पुण्यातली हवा विसरून चालत नाही. इथे एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 20-30 टक्क्यांवर येते आणि पावसाळ्यात 80 च्या वर जाते. मुंबईत हवा वर्षभरच दमट, त्यामुळे तिथल्या लाकडाला एवढा झोका बसत नाही. भरीव लाकडात काम करायला पुणं जास्त अवघड आहे असं माझं ठाम मत झालंय. सागवानाची साधी आडवी चिरलेली फळी ओलाव्याच्या दर टक्क्यामागे मीटरभर रुंदीला सुमारे 1.86 मिमी फुगते. म्हणजे 8 वरून 15 टक्क्यांवर गेलं की माझा टॉप पावणेसात मिमी रुंद होणार. तेवढी जागा मी सोडलीच होती. पण फुगणं वेगळं आणि वाकणं वेगळं. वाकायला एक बाजू दुसरीपेक्षा ओली असावी लागते.

म्हणून दोन टोच्यांचा ओलावा-मीटर घेऊन पूर्ण टॉप तपासला. वरच्या अंगाला 13 टक्के. खालून समोरच्या बाजूला 13-14. खालून भिंतीजवळ 19! तोच आकडा पुन्हा पुन्हा आला. (मीटर साधाच आहे, महागडा घ्यायची गरज नाही. आकडा अचूक नसला तरी दोन जागांमधला फरक तो बरोबर सांगतो, आणि आपल्याला तेवढंच लागतं.)

आधी संशय भिंतीत दडवलेल्या (कन्सील्ड) पाइपवर गेला. रात्रभर मेन व्हॉल्व्ह बंद ठेवला, आकडा हलला नाही. मग व्हॅनिटी पुढे ओढली, मागचा प्लाय काढला आणि टाइलवर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवला. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला थेंब होते. सगळीकडे नाही, टाइलच्या मधल्या ग्राउटच्या रेषांवरच. बारीक मण्यांची एक उभी ओळ आणि तिला छेदणारी एक आडवी, बाकी टाइल कोरडी. बाहेरच्या, खोलीकडच्या अंगालाही कोरडं. अंघोळीची वाफ असती तर थेंब बाहेरून जमले असते. पाऊस दोन-तीन दिवस उघडला तेव्हा तीच चाचणी केली आणि प्लॅस्टिक स्वच्छ निघालं. पश्चिमेची बाहेरची भिंत पाणी पितेय, ग्राउटमधून ओल आत येतेय आणि माझ्या नीट बंद केलेल्या पेटीच्या मागे कोंडून राहतेय. उत्तम आयएस 710 चा (मरीन) प्लाय पाठीला लावला होता, त्याला काही झालं नाही, पण ती ओल वर टॉपच्या पोटात गेली. पीयू ओल हळू करतं, थांबवत नाही.

पाठीचा प्लाय काढून टाकला, व्हॅनिटी भिंतीपासून 20 मिमी लांब ठेवली, एक्झॉस्ट चालू ठेवला. तेव्हापासून टॉप रोज थोडा थोडा खाली बसतोय. बाहेर छज्जाखालची भेग पाऊस संपल्यावर भरायची आहे, त्याशिवाय खरा इलाज नाही.

ड्रॉवर मात्र या सगळ्यात एकदाही अडकला नाही, आणि याचा मला फार आनंद आहे. बॉटल ट्रॅपला (बेसिनखालच्या सांडपाण्याच्या बाटलीसारख्या भागाला) वळसा घालणारा यू-आकाराचा ड्रॉवर, हाताने कापलेले डव्हटेल सांधे, 140 मिमी उंचीला अडीच मिमी मोकळीक. टेलिस्कोपिक चॅनल मी बाथरूममध्ये लावणारच नाही. बेअरिंगला गंज चढला की ते घासत चालतात. लाकडी रनरला मेणबत्ती चोळली आहे, ड्रॉवर ढकलला की आतली हवा हुस्स करत बाहेर येते.

बिजागरीबद्दल एक सांगायचं राहिलं. एका दुकानात 304 स्टेनलेस स्टील म्हणून दिलेल्या जोडीवर चार-सहा आठवड्यांत तांबूस ठिपके आले. नुसतं चुंबक लावून खात्री होत नाही, कारण दाबून वाकवलेलं 304 सुद्धा चुंबकाला किंचित ओढतं. आता एक बिजागरी आधी मिठाच्या पाण्यात ठेवून बघतो, मगच बाकीच्या घेतो.

पुढचा बेत असा होता की पाय काढून 45 अंशाच्या तिरक्या पट्टीवर व्हॅनिटी भिंतीला टांगायची. मागे फट आपोआप मिळाली असती. पण ओल्या भिंतीत अँकरसाठी आणखी भोकं पाडायची? नाही, पाय राहतील. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: खालचे शटर सपाट कशाला? लूव्हर (तिरक्या पट्ट्यांचे, मधे फटी असलेले) केले तर समोरून हवा आत जाईल आणि मागच्या फटीतून वर निघेल. कोंडणारच नाही.

तुळईचा उरलेला तुकडा त्यासाठी क्वार्टर सॉन, म्हणजे वाढीची वलयं फळीच्या तोंडाला उभी राहतील असा, चिरतो. तशी फळी साधारण निम्मीच हलते, टक्क्यामागे मीटरला 1 मिमीच्या आसपास, आणि पट्ट्या पीळ धरणार नाहीत. त्या तुकड्यात अजून हाताने घडवलेले चौकोनी खिळे आहेत. प्रत्येकाभोवती लोखंडाने काळं कडं धरलंय, ते ऑक्झॅलिक अॅसिडने निघतं. करवतीला देण्याआधी खिळे पटाशीने उकरावे लागतील.

पट्ट्या 6 मिमी ठेवू की 8? कोणी बाथरूममध्ये सागवानी लूव्हर केले असतील तर पट्टीची जाडी आणि कोन दोन्ही कळवा, शनिवारी चिरायला घेतोय.