चार थाऊची जागा

घाटंजीकडची जुनी महिंद्रा जीप. वेचणीच्या बाया शेतावर नेते, परतीला कापसाची बोंदरी. मालक म्हणाला, "भाऊ, दिवाळीआधीच तं ट्रान्सफर केसात नवे बेअरिंग टाकले, आता पुन्हा कुईकुई करून राह्यली." ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. तिच्या झाकणावर तळहात ठेवला तर दोन सेकंदही ठेववेना.

हे केस मूळ विलिस जीपच्या स्पायसर १८ घडणीचं. आउटपुट शाफ्टच्या दोन्ही टोकांना टेपर रोलर बेअरिंगं, आणि मागचं झाकण नि केस यांच्यामध्ये शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्याच्या चकत्या. शिम वाढवले की कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, बाहेर सरकतो, प्ले (शाफ्टची पुढेमागे हालचाल) वाढतो; काढले की घटतो. ठेवायचा चार ते आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१० ते ०.२० मिमी. चालताना शाफ्ट आणि रोलर केसपेक्षा जास्त तापतात, फुगतात. तेवढी जागा केस थंड असताना सोडावीच लागते.

उघडलं तर मागचा कोन, म्हणजे बेअरिंगची आतली कडी, तापून निळा पडलेला, कपावर पोपडे. शिम एकही नाही. त्यांच्या जागी ऑइल पेपरची जाड पॅकिंग. मायक्रोमीटर लावला: बोल्टांच्या मधे, जिथे दाब पडलाच नव्हता तिथे ०.४० मिमी, बोल्टापाशी ०.२५. फरक मिलिमीटरचे पंधरा शतांश, म्हणजे अख्खा प्लेच कागदाने गिळलेला.

आणि इथेच डोकं अडकलंय. ज्याने हे बसवलं त्याने त्या दिवशी प्ले कदाचित बरोबरच ठेवला असेल. गरम तेलात कागद दबत गेला आणि बेअरिंग आवळत गेलं. त्याला निष्काळजी म्हणवत नाही. तालुक्याच्या दुकानात मागा, पॅकिंगचा सेट लगेच मिळतो. शिम मागितले की दुकानदार वॉशर पुढे करतो. मलाही नागपूरहून मागवावे लागले, दोन दिवस जीप तशीच उघडी.

प्ले ऑइल सील न लावताच मोजायचा, सीलचा ओठ शाफ्टला धरतो आणि डायल (हालचाल मोजणारं घड्याळ) खोटं बोलतो. मुद्दाम जास्त शिम टाकून झाकण आवळलं, डायल शाफ्टच्या टोकाला. आला ०.३१. इथे हात घाईचा असेल तर घात. तांब्याच्या हातोडीने शाफ्टला दोन्हीकडून ठोकलं, दहा-बारा फेरे फिरवला, पुन्हा पुढेमागे ढकलला: ०.४२. कप पुरता बसलाच नव्हता. पहिल्या आकड्यावर शिम काढले असते तर शाफ्ट सैल राहिला असता. मग सील गळतं, गिअर निसटतो. दहा थाऊचा एक शिम, ०.२५ चा, काढला. ठोकून, फिरवून पुन्हा मोजलं: ०.१७. कागद नाही, शिमांना सीलंटचा पातळ हात फक्त.

सील लावायच्या आधी मालकाने शाफ्ट धरून हलवला. "हे तं हलून राह्यलं भाऊ! नवं बेअरिंग ना?" निळा पडलेला कोन त्याच्या हातात दिला. तो बघत राहिला, पटलं की नाही कळलं नाही.

९० नंबरचं गिअर ऑइल भरलं, चाळीस किलोमीटर फिरवून आणली. झाकणावर तळहात निवांत टिकत होता. मालकाने पैसे दिले, आणि निघताना गाडीखाली वाकून शाफ्टच्या टोकाचा फ्लँज पुन्हा एकदा हलवून पाहिलाच.