यातला खरा दृष्टिकोन कुठला?

मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद, बोधनिक, जैविक. मानसशास्त्राच्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात एवढे दृष्टिकोन, मग यातला खरा कुठला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. व्याख्या पाठ करून हे उमगत नाही. प्राण्याची भीती हा एकच विषय घ्या आणि तिचं कोण काय करतं ते पाहा.

१९०९ साली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईडनं व्हिएन्नाच्या पाच वर्षांच्या ‘हान्स’ची हकिगत छापली. घोडा चावेल या धास्तीनं हा मुलगा रस्त्यावर जाईना. घोड्याच्या तोंडाभोवतीचं काळं म्हणजे बापाच्या मिशा, डोळ्यांवरची झापडं म्हणजे बापाचा चष्मा. थोडक्यात, पोर घाबरतंय ते बापाला, असा अर्थ लावला गेला. गंमत म्हणजे नोंदी ठेवणारा आणि मुलाशी बोलणारा बापच होता. बसगाडीचा घोडा कोसळताना हान्सनं पाहिला होता, हेही त्याच हकिगतीत आहे. वर्तनवादी, म्हणजे भीतीसुद्धा अनुभवातून शिकली जाते असं मानणारे, नेमकं त्यावर बोट ठेवतात, आणि माझ्या मते बरोबर ठेवतात.

१९२० मध्ये वर्तनवादी वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रेनर यांनी अकरा महिन्यांच्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवून मागे पोलादी कांबीवर हातोडा मारला. असं सात वेळा केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी तो रडू लागला. पुढे सशाला आणि फरच्या कोटालाही घाबरू लागला. ही भीती कुणी घालवली नाही. आज असल्या प्रयोगाला परवानगी मिळणार नाही.

उलटी वाट १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी दाखवली. तीन वर्षांच्या आतबाहेरचा पीटर सशाला घाबरे. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडाथोडा जवळ आणायचा. घाई केली तर उलटंच होतं: सशाची भीती जाण्याऐवजी खाण्यालाच भीती चिकटते. ही युक्ती सुरू होण्याआधी पीटर आजारी पडला, त्यातून उठतो तोच एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि बरीचशी गेलेली भीती परतली. खाण्याची युक्ती सुरू झाली ती त्यानंतर.

आजचा उपचार याच धर्तीवर चालतो. भीतीला ० ते १०० गुण देऊन शिडी बनवायची: कुत्र्याचा फोटो २०, रस्त्यापलीकडचा बांधलेला कुत्रा ४५, हात लावणं ९०. खालच्या पायरीवरची भीती बरीच उतरल्यावर वर चढायचं. नेहमीची चूक म्हणजे भीती शिगेला पोचली की पळ काढणं. पळाल्यावर सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळे पळण्याचीच सवय पक्की होते. सोबतीला कुणाचा हात घट्ट धरून ठेवणं हीसुद्धा पळवाटच.

बोधनिक मंडळी, म्हणजे विचारांवर भर देणारे, यात एक भर घालतात: पायरी चढण्याआधी ‘काय होईल’ ते कागदावर लिहा, नंतर ताडून पाहा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिसच्या या अंगाच्या विचाराला मराठीत ‘विवेकनिष्ठ’ हे नाव रुळलंय; कि. मो. फडके यांनी तो इकडे पोचवला. माणसाला समजून घेण्यावर भर देणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ रॉजर्सच्या मानवतावादाकडे कुत्र्यासाठी वेगळी युक्ती नाही, पण उपचार करणाऱ्यावर विश्वास नसेल तर शिडी चढणार कोण?

मात्र रक्ताच्या किंवा इंजेक्शनच्या भीतीपाशी नुसती शिडी पुरत नाही. इतर भीतींत रक्तदाब चढतो; इथे आधी थोडा चढून मग झपकन पडतो आणि माणूस भोवळ येऊन कोसळतो. इथे जैविक दृष्टिकोनावाचून चालत नाही. उपाय असा: बसून हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, आवळायचे, वीस-तीस सेकंद नेहमीसारखे ठेवायचे, असं पाच वेळा. सुई टोचायच्या हाताचा स्नायू मात्र ढिला हवा. आणि अशा माणसाला ‘अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’ असं सांगू नका, कारण रक्तदाब आधीच खाली चाललेला असतो.