तुम्ही विचारलंत म्हणून: तस्करांना भेटता का?

बंदरांतून होणाऱ्या कोकेनच्या तस्करीवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे तस्करांना भेटता? भीती नाही वाटत?’ खरं सांगायचं तर माझा बहुतेक वेळ निकालपत्रं वाचण्यात जातो. तस्कर भेटलाच तर एक तर गप्प बसेल, नाहीतर फुशारक्या मारेल.

नेदरलँड्समध्ये न्यायालयांचे निकाल आरोपींची नावं वगळून प्रसिद्ध होतात. २०२१ पासून ते फार बोलके झालेत, कारण त्या वर्षी बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी ‘स्काय ईसीसी’ ही गुप्त संदेशसेवा फोडली आणि तिच्यावरचं बोलणं पुराव्यात आलं. त्यात बंदुका कमी, चौकश्याच जास्त. कंटेनर उतरला का? कुठल्या रांगेत आहे? पाळीवर आज कोण? एखाद्या कंटाळलेल्या वाहतूक कंपनीचा पत्रव्यवहार वाटावा.

या चौकश्या का, ते कळायला मागे जावं लागतं. ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं त्या कोकाची शेती इक्वेडोरमध्ये जवळपास नाही. पण ती करणारे देश शेजारीच, एका बाजूला कोलंबिया, दुसऱ्या बाजूला पेरू, आणि केळ्यांच्या निर्यातीत देश जगात पहिला. केळी नाशवंत, त्यामुळे कस्टम्सलाही ती फार काळ अडवून ठेवणं जड जातं. ग्वायाकिल बंदरातून निघणाऱ्या अशा कंटेनरमध्ये माल घुसवला जातो आणि बनावट सील लावलं जातं. केळी पाठवणाऱ्याला अनेकदा पत्ताही नसतो. पुढचा समुद्रप्रवास जहाज कंपनीच करून देते. खरी अडचण युरोपात पोचल्यावर सुरू होते, कारण कंटेनर दुसऱ्याचा असतो आणि माल त्याच्या हाती लागण्याआधी काढायचा असतो.

नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात त्यासाठी कुंपण ओलांडून पोरं पाठवतात, काही तर अल्पवयीन. पूर्वी माल हाती नसताना ती सापडली तर किरकोळ दंडावर सुटत. जानेवारी २०२२ पासून बंदरात विनापरवाना सापडणं हाच तुरुंगवासाचा गुन्हा झाला. दुसरी तऱ्हा युरोपोलने (युरोपीय संघाची पोलिस संस्था) २०२३ च्या अहवालात मांडली: कंटेनर सोडवण्यासाठी लागणारा पिन कोडच आतल्या माणसाकडून विकत घ्यायचा. मग कुंपण ओलांडायला नको, ट्रक सरळ फाटकातून बाहेर पडतो. आतला माणूस म्हणजे क्रेनचालक, नियोजन खात्यातला कारकून, कुणीही. आधी पैसे येतात. नंतर तो नाही म्हणाला तर बायकोमुलांचं नाव घेतलं जातं. म्हणून मला हा विषय जहाजांपेक्षा गोदीतल्या नोकरीचा वाटतो.

आकड्यांबद्दलही विचारतात. बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात २०२३ साली सुमारे ११६ टन कोकेन पकडलं गेलं, २०२४ मध्ये ४४ टन. मग तस्करी निम्म्याहून खाली आली का? तसं म्हणायला मी धजावत नाही. पकडलेला माल तपासणी कुठे आणि किती झाली हे सांगतो. न पकडलेल्याचा त्यावरून हिशेब लागत नाही. खेपा लहान करता येतात, बंदर बदलता येतं. त्यापेक्षा मला सांडपाणी भरवशाचं वाटतं (हसू नका). कोकेन घेणाऱ्याच्या लघवीतून बेंझॉइलएक्गोनिन हा घटक बाहेर पडतो आणि युरोपातली अनेक शहरं २०११ पासून तो मोजताहेत. अँटवर्प त्या यादीत वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत आहे. शिवाय युरोपात कोकेनची शुद्धता दशकभर वाढत गेली आणि किरकोळ भाव साधारण स्थिर राहिला. टंचाई असती तर असं झालं नसतं.

राहिली भीती. घरी बसून निकाल वाचणाऱ्याला कसली भीती? इक्वेडोरमध्ये गुन्हेगारी आणि भ्रष्टाचारावर लिहिणारे पत्रकार फर्नांडो व्हियाविसेन्सिओ यांना ऑगस्ट २०२३ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना, गोळ्या घालून मारलं. माझी काळजी वेगळ्या माणसांची असते. गोदी कामगारांशी बोलते तेव्हा कुठलं टर्मिनल, कुठली पाळी हे मी विचारत नाही, आणि त्यांच्या तोंडून निघालंच तरी वहीत उतरवत नाही.