आमची वाटचाल : लेखकाचं पाकीट आधी

प्रायोगिक नाटकांचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिले. थिएटरचं भाडं, लाइट्सचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, मेकअप, चहा-वडापाव, आणि सगळ्यात खाली ‘लेखक : शाल व श्रीफळ’. टेम्पोवाल्याला रोख, तेही सामान उतरवायच्या आधी. ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं त्याला नारळ. व्यावसायिक रंगभूमीवर निदान नटांची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, आणि लेखकाचं प्रयोगामागचं मानधन बोलून ठरतं. आमच्याकडे ‘घरचंच कार्य आहे’ म्हणत लेखकाला गृहीत धरायची पद्धत. नाटक लिहिणाऱ्यांना पाठबळ देणारी आमची संस्था निघाली ती हिशेबातल्या या शेवटच्या ओळीवरून.

धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवायचा हा पुण्यातला रुळलेला रस्ता. आम्ही तो सोडून कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदणी केली. लोक मला मालकीणबाई म्हणतात, पण या कंपनीत नफा वाटता येत नाही; उरेल ते कामातच घालायचं. उरण्याची वेळ फारशी येत नाही, ते सोडा.

लिहिणाऱ्याला पाठबळ द्यायची कल्पना काही आमची नव्हे. इथेच पुण्यात थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने १९८५ ते १९९४ या काळात, नाटककार सतीश आळेकरांच्या आखणीतून, नाटककार घडवण्याची योजना राबवली. फोर्ड फाउंडेशन या अमेरिकन संस्थेचं साहाय्य होतं. पुढे मुंबईत ‘रेज’ या नाट्यसंस्थेने लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला सोबत घेऊन नाटककारांसाठी ‘रायटर्स ब्लॉक’ हा उपक्रम चालवला. ते वाचत-ऐकत आम्ही एक गोष्ट पक्की केली : लेखकाला पैसे नाटक लागल्यावर नाही, लिहीत असताना द्यायचे. पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन स्पर्धांतून लिहिणारी मुलं दरवर्षी पुढे येतात. एकांकिकेवर हात बसलेला असतो. दोन अंकी नाटकाला बसतात, आणि पहिला अंक संपेपर्यंत मालिकेचं काम येतं. घरभाडं मालिकाच भरते, त्यांना नावं ठेवण्यात काय अर्थ?

आम्ही लेखक निवडतो तो पहिल्या खर्ड्यावर. निवड झाली की पहिलं पाकीट हातात. दुसरं, दुसरा खर्डा आल्यावर. चांगला आल्यावर नव्हे, आल्यावर. यावरून आमच्या संचालकांत अजूनही खडाजंगी होते. मी बधत नाही.

मधे वाचन. चटईवर नट बसतात, लेखक भिंतीशी, आणि वाचन संपेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. एका मुलीच्या नाटकात सासूचं चांगलं दीड पानांचं स्वगत होतं. वाचणारी नटी कसलेली, तरी निम्म्यावर येईतो समोरच्यांचे मोबाइल हळूच बाहेर आले. लेखिका ते बघत होती. चर्चेत तिला कुणी ‘लांबलंय’ म्हटलं नाही, गरजही नव्हती. पुढच्या खर्ड्यात सासू कुकरच्या शिट्ट्या मोजत तेच सगळं बोलत होती. शिट्टी झाली की वाक्य तुटायचं, ‘दोन’ म्हणायची आणि भलत्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू व्हायची. एक शब्दही कापलेला नव्हता. आम्ही दिग्दर्शकाचा सल्ला, तज्ज्ञांची समिती वगैरे काही पुरवलं नव्हतं. नट, चटई आणि पुढच्या खर्ड्याचे पैसे, एवढंच.

नाटक उभं राहायच्या टप्प्यावर आलं की संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवणं, पत्रव्यवहार, पाठपुरावा आमच्याकडे. लेखकाने त्या कागदांत अडकू नये.

पैशांचं म्हणाल तर सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, यादीत कला-संस्कृती आहे, पण अर्जात ‘लाभार्थी संख्या’ हा रकाना असतो. तिथे ‘एक’ लिहिलं की समोरचा माणूस चष्मा पुसतो. एका कंपनीच्या साहेबांनी त्याऐवजी स्वच्छतेवर पथनाट्यं करा, म्हणून सुचवलं. पथनाट्य वाईट नव्हे, पण ते करणारे दुसरे आहेत. मोठा आधार छोट्या देणगीदारांचाच. नव्या करप्रणालीत देणगीवरची ८०जीची आयकर वजावट मिळत नाही, तरी देणारे देतात आणि वाचनाला येऊन मागच्या रांगेत बसतात. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, हे आमच्या सीएंनी मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. आमचं तिकीट त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही.

सध्या हातात असलेल्यांपैकी एक नाटक वऱ्हाडीत आहे. वाचनासाठी पुण्यात वऱ्हाडी सहज बोलणारे नट गोळा करणं, हे या महिन्यातलं मुख्य काम. तालमीला आलेल्या एकाने ‘प्रमाण मराठीत वाचून घेऊ की’ म्हटल्यावर लेखक म्हणाला, ‘मंग म्या कायले लिवलं?’ नट शोधणं चालू आहे.

संहिता वर्षभर घेतो. युनिकोडमध्ये टाइप केलेली असेल तर उत्तम, जुन्या फॉन्टमधली असेल तर सोबत पीडीएफ जोडावी. हस्तलिखितही चालतं, टाइप करण्याचा खर्च आमचा.