गच्चीवरचे जलपर्णी-कोळी : उन्हाळा निघाला

मंडळी, सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकली त्या आठवड्यात जलपर्णी आणि तिची पानं पोखरणारे बारीक कोळी (माइट; जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे) यांचे चार टब लावले होते, त्यांची ही नोंद. मध्ये तीन महिने काही लिहिलं नाही. मे महिन्यात तर लिहायला कॉलनी उरते की नाही, हीच धाकधूक होती.

नव्या मंडळींसाठी थोडं आधीचं. मी पाळतो तो ऑर्थोगॅलम्ना टेरेब्रँटिस. मिरची-वांग्यावर येणारा लाल कोळी तो हा नव्हे. हा काळा, चकचकीत, टणक कवचाचा आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे जलपर्णीच्याच मुलखातला. भारतात तो १९८६ साली बंगळुरूला आणला. जलपर्णी खाणारे निओकेटिनाचे सोंडकिडे त्याच्या काही वर्षं आधी आले होते. माझं बीजही, म्हणजे सुरुवातीचे कोळी, बंगळुरूकडच्या पानांवरूनच आलं, ओळखीच्या एका सरांनी भिंगाखाली तपासून दिलेलं.

मादी कोवळ्या पानाच्या आत अंडी घालते. पिल्लं दोन समांतर शिरांच्या मधला गर पोखरत सरळ पुढे जातात. बोगदा ६ मिलिमीटरपर्यंत लांब होतो आणि प्रौढ कोळी त्याच्या टोकाला बारीक गोल भोक पाडून बाहेर पडतो. असं पान उजेडासमोर धरून बघा, मागावर ताणा लावावा तशा रेघा दिसतात. मार्चमध्ये पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा मी आईला हाक मारून गच्चीवर बोलावलं होतं.

पिल्लं पानाच्या आत असल्यामुळे पान वाळलं की तीही गेली. त्यामुळे आपल्या सोलापुरात सगळी मेहनत लागते ती जलपर्णी हिरवी ठेवायला! तळ्यात हटता हटत नाही ती वनस्पती टबात मात्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मान टाकायला लागली. चूक माझीच. टब काळे घेतले होते. दुपारी तीनला पाण्यात हात घातला तर चटका बसावा इतकं ते तापलेलं, मुळं काळी पडून गळत होती. टब बाहेरून चुन्याने रंगवले, पूर्वेच्या भिंतीला सरकवले, वर शेडनेट. पश्चिमेच्या बाजूला दोन जुन्या सोलापुरी चादरी टांगल्या आणि दिवसातून दोनदा भिजवल्या. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून आई भाजी-तांदळाचं धुवण बादलीत साठवून द्यायची. चादर जाड असल्याने पाणी बराच वेळ धरते. पातळ गोणपाट तासाभरात वाळत होतं. डासांसाठी प्रत्येक टबात गप्पी मासे आहेतच.

तिसरा टब गेला. पानं पिवळी पडलेली बघून वाटलं, कोळ्यांनी जोर धरला. दोन दिवस मी खुशीत होतो. मग १० पट भिंगातून पाहिलं, तर पानाच्या पाठीवर बारीक जाळं आणि लाल ठिपके. लाल कोळीच! लक्षात ठेवा: त्याचे ठिपके पृष्ठभागावर पसरलेले असतात, आपल्या कोळ्याच्या रेघा पानाच्या आत आणि सरळ. कोळीनाशक मारलं असतं तर दोघेही मेले असते, म्हणून अख्खा टब काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवला.

दुसऱ्या टबातल्या खुणेच्या १० पानांवरची बाहेर पडण्याची भोकं मी मोजतो. मार्चअखेर पानामागे सरासरी ४१, मेमध्ये ९, आणि दोन पाऊस झाल्यावर काल ५८. काल बराच वेळ ती पानं हातात घेऊन बसलो होतो.

नुसत्या कोळ्याने तळं मोकळं होत नाही. जलपर्णी नवी पानं फार भराभर काढते. सोंडकिड्यांनी कुरतडलेल्या पानाला कोळ्याच्या रेघांची जोड मिळाली की मात्र ते लवकर वाळतं, म्हणून पुढच्या टबात दोन्ही एकत्र ठेवायचे आहेत. विजापूर रस्त्यावरून जाताना संभाजी तलावाकडे मान वळतेच, पण परवानगी हाती येईपर्यंत तिथे एक पानही सोडणार नाही.

ज्यांना बीज हवं त्यांनी झाकणाची बाटली आणि मऊ कुंचला घेऊन सकाळी यावं. प्रौढ कोळी कुंचल्याने टिपून देईन. रोप देणार नाही. गटारात पडलेला एक तुकडाही पुन्हा पसरतो.