पुळण, खाडी, नदीकाठ: कोकणातली देशी झाडं ओळखण्याची वही

यंदाच्या नोंदी कुळाप्रमाणे न लावता जमिनीप्रमाणे लावल्या आहेत. पहिला भाग पुळणीचा, म्हणजे भरतीच्या रेषेमागची कोरडी वाळू. दुसरा खाडीचा चिखल. तिसरा नदीकाठ: पाणी गोडं, पण पावसाळ्यात काठाची झाडं कमरेएवढी बुडतात. तिन्हीकडची झाडं इतकी वेगळी आहेत की पानाला हात लावण्याआधी पायाखाली काय आहे ते बघितलं, तर निम्मे उमेदवार तिथेच गळतात. देवबागला याचा सराव छान होतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीचं पात्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. थोडं चाललं की यादीच बदलते.

पुळणीवर आधी वगळायचं काय, ते ठरवून टाकलं. सुरू वगळला. किनाऱ्यावर रांगाच्या रांगा दिसतात, पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो लावलेला आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे पानं नव्हेत, बारीक सांधेदार काड्या आहेत. खरी पानं त्या सांध्यांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात. भिंगातून बघायला मजा येते, एवढंच. काजूही वगळला, तो ब्राझीलचा. नारळ देशी की नाही यावर वाद घालायचा असेल तर घाला, मी त्यात पडत नाही.

ज्या पट्ट्यात मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा (वाळूवर पसरणाऱ्या वनस्पती) अजून शाबूत आहेत, त्याच्या लगेच मागे देशी झाडं सापडण्याची शक्यता जास्त. उंडी तिथेच भेटते. जाड, चकचकीत, समोरासमोर पानं. पान उजेडाकडे धरलं की मधल्या शिरेपासून निघालेल्या उपशिरा कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींना खेटून समांतर दिसतात. एवढ्या दाट समांतर शिरा किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या झाडाला नाहीत, त्यामुळे फूल-फळ नसलं तरी उंडी पक्की होते. वेंगुर्ल्याकडे सुरंगीशी गल्लत होऊ शकते, कारण दोघी एकाच कुळातल्या आणि लांबून पानोरा सारखाच. पण सुरंगीच्या पानात शिरांची जाळी उठून दिसते, आणि फुलं जुन्या, पानं गळालेल्या फांद्यांना चिकटून झुबक्यांनी येतात. उंडीची गोल हिरवी फळं देठावर लोंबतात. ती पाण्यावर तरंगतात आणि वटवाघळंही ती नेतात. त्यामुळे गावात घरामागे उगवलेली उंडी दिसली तर ती कुणी लावलीच असेल असं धरून चालू नका.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो भेंडी आणि बेलपाटा या जोडीवर. (भाजीची भेंडी नव्हे, किनाऱ्यावरचं झाड. काही जण पारोसा पिंपळ म्हणतात.) दोन्ही जास्वंदीच्या कुळातली, दोघांची पानं हृदयाकृती, दोघांची फुलं पिवळी आणि आत गडद डोळा. शिवाय दोन्ही फुलं दिवसभरात रंग बदलतात. भेंडीचं फूल सुकताना गुलाबी-जांभळट होतं, बेलपाट्याचं नारिंगी-लाल. झाडाखाली पडलेल्या फुलाच्या रंगावरून निर्णय द्यायचा नाही, हा माझा नियम. फोटोवरून नाव सांगणारी ॲपही इथे एकाच्या जागी दुसरं सुचवतात आणि टक्केवारी मोठ्या आत्मविश्वासाने देतात.

खरी खूण फुलाच्या मधोमध आहे. बेलपाट्याच्या फुलात पुंकेसरांच्या नळीतून बाहेर आलेल्या कुक्षीचे (स्त्रीकेसराच्या टोकाचे) पाच गडद ठिपके वेगवेगळे दिसतात. भेंडीत ती एकसंध, गदेसारखी असते. फूल नसेल तर पान उलटा. बेलपाट्याचं पान जास्त गोलसर, रुंद आणि खालून पांढुरकं, लवदार. भेंडीचं दोन्ही बाजूंनी गुळगुळीत भासतं, पण दहापट भिंगाखाली कोवळ्या डहाळीवर बारीक तपकिरी खवले दिसतात. बेलपाट्याची उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी जोडी) मोठी असतात. ती गळून पडली की डहाळीभोवती कड्यासारखा वण राहतो, तो बोटालाही जाणवतो. फळांत तर शंकाच उरत नाही. बेलपाट्याचं बोंड पाच फाकांनी उकलतं, भेंडीचं चपटं गोल फळ न उकलता वाळून झाडावरच काळं पडतं. वाढीची ढबही वेगळी: भेंडी बहुधा बऱ्यापैकी खोड धरते, बेलपाटा खाडीच्या बांधावर खालूनच फांद्या फेकून आडवातिडवा पसरतो.

खाडीचा भाग त्या मानाने झटपट झाला, कारण मुळंच बोलतात. चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आली असतील तर तिवर. त्याहून जाड, शंकूसारखी असतील तर चिप्पी. कमानीसारखी आधारमुळं म्हणजे कांदळ. पुढची फोड मात्र पानाफुलावर करावी लागते. तिवरात टोकदार पानाचा, खालून राखाडी-पांढरा असतो तो अविसेनिया मरीना. गोल टोकाचा, खालून पिवळसर हिरवा असतो तो ऑफिसिनॅलिस. दोघांच्या पानांवर मिठाचे कण दिसतात. कांदळाच्या पानांवर ते दिसत नाहीत, कारण तो मीठ मुळाशीच अडवतो. कांदळातही दोन जाती: मुक्रोनाटाच्या पानाखाली काळे ठिपके असतात आणि फुलांचा घोस लांब देठावर येतो. एपिक्युलाटाला आखूड, जाड देठावर फक्त दोन फुलं.

पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवृक्ष (इथे कांदळ म्हणजे एकूण खारफुटी) म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून ती बघायला येणारे वाढले आहेत. फुलं रात्री उमलतात. सकाळी चिखलावर पांढऱ्या पुंकेसरांचा सडा पडलेला दिसला तर ती हीच. पुंकेसर तांबडे आणि जागा खाडीत बरीच आत, कमी खाऱ्या पाण्याची असेल तर चिप्पीच्याच दुसऱ्या जातीकडे, सोनेरेशिया कॅसिओलॅरिसकडे वळा. मुंबई आणि उत्तरेकडच्या खाड्यांत झुकलेल्या बारीक पानांची तिसरी भेटते, तिला पाकळ्याच नसतात.

दोन सूचना. हुऱ्याची (काही गावांत गेवा) फांदी मोडू नका. चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं. गळण्याआधी लाल होणाऱ्या पानांवरून तो लांबूनही कळतो. आणि कांदळवनात, म्हणजे खारफुटीत, काही तोडायचंच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 पासून राज्यभर त्याला मनाई केली आहे. पडलेलं पान, पडलेलं फळ आपल्या कामाला पुरतं.

आता नदीकाठ. वाशिष्ठी निवडली, कारण कोयना प्रकल्पातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं आणि कोकणातल्या इतर नद्यांसारखी ती उन्हाळ्यात कोरडी पडत नाही. खाली गोवळकोटच्या बाजूला मगरी आहेत, तिथे पाण्यात उतरून फोटो काढायची हौस नको.

पात्रातल्या खडकांत तीन अरुंद पानांची झाडं एकमेकांत मिसळून उभी असतात: वाळुंज, शेरणी आणि पाणजांभूळ. पुराचं पाणी अंगावर घेणाऱ्यांना अरुंद पान आणि लवचीक फांदी सोयीची, म्हणून तिन्ही दिसायला एका वळणाची झाली आहेत. पाणजांभळाची पानं समोरासमोर आणि कडेला समांतर जाणारी एक शीर. इथेच ते वेगळं निघतं, आणि चुरगळलं तर जांभळाचा वास येतो. उरलेल्या दोघांची पानं एकाआड एक. वाळुंजाच्या पानाची खालची बाजू निळसर पांढरी, कडा बारीक दातेरी, आणि बियांना रेशमी कापूस. शेरणी झुडूपच राहते. तिच्या पानाखाली भिंगातून खवले दिसतात. तिला झाडांच्या यादीत घेतली नाही, पण ती ओळखता आल्याशिवाय बाकीची दोन पक्की होत नाहीत.

निवर आणि समुद्रफळ ही नावं गावोगाव अदलाबदलीने वापरतात, म्हणून वहीत शास्त्रीय नावच लिहितो. बॅरिंगटोनिया रॅसिमोसा: वीतभराहून लांब पानं, पांढरट-गुलाबी फुलांच्या लोंबत्या माळा, खारट पाण्याच्या जवळ. ॲक्युटँग्युला: पानं लहान, फुलं तांबडी, फळाला धारदार चार कडा, गोड्या पाण्याकडे. अर्जुन आणि ऐन सालीवरून सुटतात. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट. ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, आणि तो डोंगरउताराचा. ताम्हणाबाबत ओढ्याकाठचीच धरतो, रस्त्याकडेची लावलेली धरत नाही.

जमिनीप्रमाणे मांडणी करताना एकच झाड दाद देत नाही, ते करंज. पुळणीवर आहे, बांधावर आहे, नदीच्या आत पार वरपर्यंत आहे. त्याच्या चपट्या, चोचदार शेंगा पाण्यावर तरंगत जातात. त्याची नोंद दोन ठिकाणी ठेवली आणि पुढे गेलो.

बाकी राहिलेलं: तिवरातल्या ऑफिसिनॅलिसचं नारिंगी-पिवळं फूल अजून वहीत नाही. सुकाणूचं झाड फळासकट सापडलं, पण फूल नव्हतं, आणि फुलाचा घसा पिवळा की तांबडा हे कळल्याशिवाय ओडोलम आणि मँगस या दोन जातींत निवड करता येत नाही. (त्याची बी विषारी, गाठ थेट हृदयाशी असते. फळ फोडून बघू नका, मुलांच्या हाती तर देऊच नका.) सुंदरी, म्हणजे पानाखाली चंदेरी चमक आणि फळाला नावेसारखा कणा असलेलं झाड, अजून प्रत्यक्ष बघितलेलं नाही. सिंधुदुर्गातल्या कुणाला फुललेला सुकाणू दिसला तर घशाचा रंग दिसेल असा जवळून फोटो घ्या आणि पाणी खारं होतं की मचूळ, तेही लिहून ठेवा.