बारा, पन्नास की चौतीस?

माझी बावीस वर्षं गोदामं भाड्यानं घेणाऱ्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात गेली. दर महिन्याचं भाड्याचं बिल माझ्या सहीशिवाय पुढे जात नसे. त्यामुळे निवृत्तीनंतर इंडस्ट्रियल रीटमध्ये, म्हणजे गोदामं भाड्यानं देऊन येणाऱ्या पैशातला मोठा भाग युनिट घेणाऱ्यांना वाटणाऱ्या संस्थेत, पैसे घालायचं ठरवलं तेव्हा वाटलं, हा विषय आपल्याला पाठ आहे. तरी पहिलीच खरेदी चुकली. वाटपाचा दर भरघोस होता, नफातोटा पत्रकात नफा होता, घेऊन टाकलं. दीड वर्षात एक मोठा भाडेकरू निघून गेला आणि वाटप कापलं गेलं. पैसे गेले त्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की सगळे आकडे अहवालात छापलेले होते. मी वाचत होते ती ओळच चुकीची होती.

रीटच्या निव्वळ नफ्यावरून फारसं काही कळत नाही, कारण मध्ये घसारा येतो. अमेरिकी पद्धतीत गोदामाची इमारत तीस-चाळीस वर्षांत हिशेबातून झिजवतात, आणि एवढी मोठी रक्कम दरवर्षी नफ्यातून वजा होते की जागा उत्तम चाललेली असूनही नफा किरकोळ दिसतो. म्हणून तिथल्या रीटच्या संघटनेनं १९९१ मध्ये एफएफओ नावाचं माप ठरवलं: निव्वळ नफ्यात इमारतींचा घसारा परत मिळवायचा आणि मालमत्ता विकून झालेला फायदा बाजूला काढायचा. युरोपात अडचण वेगळी. तिथे बहुतेक रीट मालमत्तेची किंमत दरवर्षी बाजारभावानं लावतात आणि तो चढउतार थेट नफ्यात येतो. ब्रिटनच्या सेग्रो या गोदामांच्या रीटनं २०२२ मध्ये जवळपास २ अब्ज पौंडांचा तोटा दाखवला. त्याच वर्षी हा फेरमूल्यांकनाचा भाग वगळून येणारा नफा मात्र वाढला होता.

आता माझ्या वहीतलं एक पान. आकडे सोयीसाठी घेतलेत. वर्षाचं भाडं १००. मालमत्तेचा कर, विमा, देखभाल यांत २२ गेले, उरले ७८. याला एनओआय म्हणतात. कार्यालयीन खर्च ८, कर्जाचं व्याज २०, घसारा ३८. निव्वळ नफा १२. घसारा परत मिळवला की एफएफओ ५०. रीटनं वाटले ३६. पन्नासातले छत्तीस म्हणजे ७२ टक्के, अगदी सुरक्षित वाटतं. मी इथेच थांबले होते.

पण त्या पन्नासात न आलेला पैसाही असतो. वहीबाहेरचं उदाहरण: समजा पाच वर्षांचा करार आहे, पहिल्या वर्षी भाडं १०० आणि दरवर्षी ४ टक्के वाढ. हिशेबाच्या नियमानं पाच वर्षांची सरासरी काढून पहिल्याच वर्षी १०८ जमा धरतात. हातात येतात शंभरच. वरचे आठ कागदावर. शिवाय घसारा परत मिळवताना आपण असं धरून चालतो की इमारत झिजतच नाही. मी ती झिजताना पाहिली आहे. आमच्या एका गोदामात फरशीचे सांधे फुटले होते. फोर्कलिफ्टची घट्ट, लहान चाकं रोज शेकडो वेळा त्याच रेषेवरून जायची, आधी कडेचे टवके उडाले, मग बोटभर खाच झाली, आणि नंतर उंच रचलेला माल त्या जागी हिंदकळायला लागला. चालक वळसा घालून जायचे. मालक दुरुस्तीला तयार नव्हता, आमच्या करारात 'संरचनात्मक दुरुस्ती मालकाची' असं वाक्य होतं, आणि फरशी संरचना आहे की नाही यावर चार महिने पत्रं चालली. शेवटी खर्च त्यानंच केला. छताचं, ट्रकच्या आवाराच्या काँक्रीटचं, माल चढवायच्या धक्क्यावरच्या दारांचं असंच. नवा भाडेकरू आणायचा तर त्याच्या सोयीनं बदल, वर दलालाची दलाली. वहीतल्या रीटचे यात ११ गेले आणि कागदावरचं भाडं होतं ५. पन्नासातून सोळा गेले, राहिले ३४. याला एएफएफओ म्हणतात. वाटले होते छत्तीस! म्हणजे दोन कर्जातून नाहीतर नवे युनिट विकून आले.

एएफएफओची व्याख्या मात्र प्रत्येक रीट आपल्या सोयीची करतो, म्हणून मी तयार आकडा घेत नाही. रोख प्रवाहाच्या पत्रकात जाऊन इमारतींवरचा खर्च स्वतः उचलते, आणि एका वर्षाचा नाही, पाच वर्षांची सरासरी. छत दर पंधरा-वीस वर्षांनी एकदम बदलावं लागतं. ज्या वर्षी बदललं नाही ते वर्ष नेहमीच देखणं दिसतं.

यानंतर मी कराराच्या मुदतींचं कोष्टक उघडते. कोणत्या वर्षी किती टक्के भाड्याचे करार संपतात ते त्यात असतं. जुनं भाडं आजच्या बाजारभावापेक्षा खूप खाली असेल तर करार संपणं ही कमाई, वर असेल तर धोका. भाडेकरू थांबेल का, याबद्दल मी भाडेकरूच्या बाजूनं बसलेली असल्यामुळे खात्रीनं सांगते: भाडं वाढलं म्हणून आम्ही सहसा जागा सोडली नाही. वाहतुकीच्या खर्चापुढे भाडं लहान असायचं. फरशीत बोल्टनं ठोकलेले रॅक उखडून दुसरीकडे न्यायचे, त्या दिवसांत माल पाठवणं बंद, या विचारानंच वरिष्ठ सही करून टाकत. आम्ही जागा सोडली ती छत बुटकं पडलं म्हणून, किंवा मोठे ट्रक आवारात वळेनात म्हणून. त्यामुळे मोकळी उंची, धक्क्यांची संख्या आणि इमारतीचं वय न सांगणारा अहवाल मला अपुरा वाटतो.

कर्जाचं थोडक्यात. वहीतल्या रीटवर ५०० कर्ज आहे, ४ टक्क्यांनी. तेच पुढे ६ टक्क्यांनी नवं करावं लागलं तर व्याज ३० होतं आणि चौतिसाचे चोवीस राहतात, एकही भाडेकरू न जाता. मालमत्तेचंही तसंच: ७८ एनओआयला ५ टक्के कॅप रेट, म्हणजे एनओआय किमतीच्या किती टक्के हा दर, लावला तर किंमत १,५६०, ६ टक्के लावला तर १,३००. कर्ज वजा केलं की युनिटधारकांचे १,०६० चे ८०० होतात. अमेरिकेत मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये धोरणात्मक व्याजदर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत गेला. त्यातच एप्रिल २०२२ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉननं आपल्याकडे गोदामांची जागा गरजेपेक्षा जास्त झाल्याचं सांगितलं आणि इंडस्ट्रियल रीटचे भाव कोसळले. सगळ्यात मोठे दहा भाडेकरू कोण हे पान मी तेव्हापासून सोडत नाही.

सध्या वहीत एका नव्या रीटचं पान उघडं आहे. पाच वर्षांच्या सरासरीनं वाटप एएफएफओच्या ८१ टक्के येतंय, कर्जाची मोठी परतफेड तीन वर्षं लांब आहे. पण पुढच्या वर्षी संपणाऱ्या करारांत एका भाडेकरूचाच वाटा अर्ध्याहून अधिक आहे, आणि त्याची इमारत जुनी, बुटक्या छताची. तो सही करतो का, ते पुढच्या तिमाहीच्या अहवालात दिसेल. तोवर घेत नाही.